आरसी विमानाचा क्रिस्टल बदलताना: काढणं-घालणं सोपं, तपासणी खरी

आरसी, म्हणजे रेडिओने चालवायच्या मॉडेल विमानाच्या सेटमध्ये चॅनलची फ्रिक्वेन्सी ठरवणारी एक छोटी डबी असते, तो क्रिस्टल. तो काढून दुसरा बसवायला मिनिटभरही लागत नाही. त्यानंतरच्या तपासण्यांना तासभर लागतो, आणि लोक टाळतात तो हा तास. मीही एकदा टाळला. हातातल्या ट्रान्समीटरमध्ये आणि विमानातल्या रिसीव्हरमध्ये नवी जोडी घातली, टेबलावर सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) हलताना पाहिले आणि सरळ मैदान गाठलं. विमान जेमतेम दीडशे मीटरवर गेलं आणि एका बाजूला मान टाकून वळत सुटलं. झुडपात पडलं म्हणून पंख वाचले, नाकाचा मात्र भुगा झाला. नंतर उलगडा झाला तो असा: दोन्ही क्रिस्टल उत्तम होते, पण रिसीव्हर बँडच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याच्या, दुसऱ्या टोकाला ट्यून केलेला होता. टेबलावर तीन फुटांवरून हे कळणार तरी कसं?

२००५-०६ च्या सुमारास विमानांसाठी २.४ गिगाहर्ट्झचे सेट बाजारात आले आणि क्रिस्टलचा जमाना ओसरला. तरीही जुने सेट कपाटातून बाहेर निघतात, वापरलेले विकत मिळतात, आणि काहींना आपला वीस वर्षांचा हाताला बसलेला ट्रान्समीटर सोडवत नाही. अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

डबीच्या आत काय असतं

त्या छोट्या धातूच्या डबीत क्वार्ट्झची एक पातळ चकती असते. तिला वीज दिली की ती ठरावीक वेगाने थरथरते. चकती जितकी पातळ तितकी फ्रिक्वेन्सी जास्त. नेहमीच्या एटी-कट चकतीसाठी ढोबळ हिशोब असा: १.६६ ला मेगाहर्ट्झने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १० मेगाहर्ट्झची चकती ०.१६६ मिलिमीटर जाड. ७२ मेगाहर्ट्झची चकती थेट घासून काढणं अवघड, म्हणून २४ मेगाहर्ट्झची चकती घेऊन तिला तिसऱ्या ओव्हरटोनवर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवर, थरथरायला लावतात. तिची जाडीसुद्धा ०.०७ मिलिमीटर, म्हणजे साधारण आपल्या केसाएवढी. क्रिस्टल फरशीवर पडला तर काय होतं, हे यावरून समजा. बाहेरून डबीला ओरखडाही दिसत नाही, आत चकतीला तडा गेलेला असू शकतो. पडलेला क्रिस्टल मी विमानात वापरत नाही. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको.

आता ट्रान्समीटरचा आणि रिसीव्हरचा क्रिस्टल वेगळा का, ते पाहू. गोंधळाचं मूळ इथेच आहे. ट्रान्समीटरच्या क्रिस्टलमधून चॅनलची फ्रिक्वेन्सी तयार होते. रिसीव्हरचा क्रिस्टल मुद्दाम त्यापासून थोडा बाजूला ठेवलेला असतो. रिसीव्हरमध्ये येणारा सिग्नल आणि स्वतःच्या क्रिस्टलचा सिग्नल एकत्र मिसळतात आणि त्यांच्यातला फरक पुढे जातो. त्या फरकाला इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी किंवा थोडक्यात आयएफ म्हणतात. साध्या, म्हणजे सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हरमध्ये ती ४५५ किलोहर्ट्झ असते. २७.१४५ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरसोबत रिसीव्हरमध्ये २६.६९० चा क्रिस्टल लागतो, तो यामुळे. वजाबाकी करून पाहा, बरोबर ४५५ किलोहर्ट्झ येतात.

ड्युअल कन्व्हर्जन रिसीव्हरमध्ये हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा १०.७ मेगाहर्ट्झवर, मग आतल्या कायमच्या १०.२४५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलने दुसऱ्या टप्प्यात तेच ४५५ किलोहर्ट्झ. हा १०.२४५ चा क्रिस्टल बोर्डावर डाग देऊन बसवलेला असतो आणि चॅनलशी त्याचा काही संबंध नसतो. त्याला हात लावू नका. आपण बदलतो तो सॉकेटमधला.

दोन टप्प्यांची ही उठाठेव कशासाठी? सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हरला दोन ठिकाणचे सिग्नल सारखेच ऐकू येतात: एक आपल्या चॅनलचा, दुसरा त्याच्यापासून ९१० किलोहर्ट्झ दूरचा. ७२ मेगाहर्ट्झचा बँड ९८० किलोहर्ट्झ रुंद आहे, म्हणजे हा नको असलेला जुळा भाऊ त्याच बँडमध्ये सापडू शकतो. शिवाय या बँडमध्ये २३ चॅनलच्या अंतराने दोन ट्रान्समीटर चालू असले की त्यांच्यातला फरक ४६० किलोहर्ट्झ होतो. तो आयएफच्या इतका जवळ असतो की सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हर तिसऱ्याच चॅनलवर असला तरी बिथरू शकतो. ड्युअलमध्ये जुळा सिग्नल २१.४ मेगाहर्ट्झ दूर जातो आणि पुढच्या फिल्टरमध्ये सहज गाळला जातो. युरोपातला ३५ मेगाहर्ट्झचा नेहमीचा बँड जेमतेम ३५० किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे तिथे बँडमधल्या बँडमध्ये हा त्रास उद्भवत नाही. म्हणून एका देशातल्या उडवणाऱ्याचा सल्ला दुसऱ्या देशात जसाच्या तसा लागू पडत नाही.

विकत घेण्याआधी सेटवरचं सगळं वाचा

क्रिस्टलवर चॅनल नंबर असतो आणि बहुतेक जण तेवढाच बघतात. तो जुळणं पुरेसं नाही. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर शेजारी ठेवा, कागद-पेन घ्या आणि दोन्हींवरची लेबलं उतरवून काढा.

पहिला प्रश्न बँडचा. अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झ, चॅनल ११ ते ६०. जमिनीवरच्या गाड्या आणि बोटींसाठी ७५ मेगाहर्ट्झ, चॅनल ६१ ते ९०. ब्रिटनमध्ये विमानांसाठी ३५ मेगाहर्ट्झ, चॅनल ५५ ते ९०, आणि ४० मेगाहर्ट्झ जमिनीवरच्या मॉडेलसाठी. ऑस्ट्रेलियात ३६, फ्रान्समध्ये ४१ मेगाहर्ट्झवरही विमानं उडत आली आहेत. चॅनल ७० म्हटलं की अमेरिकेत ती गाडी आणि ब्रिटनमध्ये ते विमान! सेट परदेशातून आला असेल तर आपल्या देशात तो बँड मॉडेल विमानांना मोकळा आहे का, हे आधी तिथल्या रेडिओ परवाना खात्याच्या नियमात पाहा. क्रिस्टल बदलून बँड बदलत नाही. ३५ चा ट्रान्समीटर ४० चा होत नाही, कारण आतल्या कॉइल आणि फिल्टर ३५ साठी बांधलेल्या असतात.

चॅनलवरून फ्रिक्वेन्सी काढायची रीत सोपी आहे. अमेरिकी ७२ मेगाहर्ट्झमध्ये चॅनल ११ म्हणजे ७२.०१०, आणि पुढचा प्रत्येक चॅनल २० किलोहर्ट्झने वर. चॅनल ४० म्हणजे ७२.५९०. ३५ मेगाहर्ट्झमध्ये चॅनल ६० म्हणजे नेमके ३५.०००, आणि पायरी १० किलोहर्ट्झची. म्हणून चॅनल ५५ म्हणजे ३४.९५० आणि ९० म्हणजे ३५.३००. हा हिशोब डोक्यात असला की क्रिस्टलवरचं खोडलेलं लेबलसुद्धा ओळखता येतं.

२७ मेगाहर्ट्झवर नंबरांऐवजी रंग चालतात: २६.९९५ तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळा, २७.१९५ हिरवा, २७.२५५ निळा. यातला निळा तर सिटिझन्स बँडच्या (सीबी, म्हणजे सर्वसामान्यांच्या बोलण्याच्या रेडिओच्या) २३ व्या चॅनलवरच बसलेला आहे आणि बाकीचे त्या बँडच्या चॅनलांच्या मधल्या फटींत. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकमधला सीबी रेडिओ तुमचं विमान पाडू शकतो. खेळण्यातल्या गाडीला २७ ठीक. विमान मी त्यावर उडवणार नाही.

दुसरा प्रश्न एएम की एफएम. एएमचा क्रिस्टल एफएम सेटमध्ये चालेल असं गृहीत धरू नका. एफएम ट्रान्समीटरमध्ये क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी किंचित इकडे-तिकडे ओढून सिग्नल तयार करतात, आणि त्यासाठीचा क्रिस्टल वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो. अनेक एफएम ट्रान्समीटरमध्ये क्रिस्टल कमी फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि पुढच्या सर्किटमध्ये ती गुणून वाढवली जाते. डबीवर मात्र चॅनलचीच फ्रिक्वेन्सी छापलेली असते.

तिसरा प्रश्न कंपनीचा. दोन कंपन्यांच्या क्रिस्टलवर एकच चॅनल लिहिलेला असला तरी एकाचा रिसीव्हर क्रिस्टल चॅनलच्या खाली ४५५ किलोहर्ट्झ आणि दुसऱ्याचा वर ४५५ असू शकतो. मग दोघांत ९१० किलोहर्ट्झचा फरक पडला. सिंगल आणि ड्युअल रिसीव्हरचे क्रिस्टल तर एकमेकांच्या जागी चालतच नाहीत. चॅनल ४० साठी सिंगलला ७२.१३५ मेगाहर्ट्झ लागतात, खालच्या बाजूने चालणाऱ्या ड्युअलला ६१.८९०. माझा नियम सोपा आहे: ट्रान्समीटरचा क्रिस्टल ट्रान्समीटरच्या कंपनीचा, रिसीव्हरचा क्रिस्टल रिसीव्हरच्या कंपनीचा, आणि तोही त्याच प्रकारच्या रिसीव्हरसाठी छापलेला. दोघांचा चॅनल एक असला की झालं. दोघांची कंपनी एक असण्याची गरज नाही.

पण कंपन्या मिसळताना शिफ्ट जुळते का, म्हणजे एफएम सिग्नलची फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे एकाच दिशेने सरकते का, ते बघावं लागतं. फुटाबा आणि हायटेक यांचे एफएम सेट निगेटिव्ह शिफ्टचे, तर जेआर आणि एअरट्रॉनिक्स यांचे पॉझिटिव्ह. उलट शिफ्टच्या रिसीव्हरला सिग्नल मिळतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. सर्व्हो थरथरतात किंवा एका टोकाला जाऊन अडकतात. काही ट्रान्समीटरमध्ये शिफ्ट बदलण्याची सोय मेनूतच असते. पीसीएम, म्हणजे आज्ञा आकड्यांच्या रूपात पाठवणारा सेट असेल तर मिसळामिसळीचा विचारच सोडा, कारण प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी. दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी बोलायचं असेल तर ट्रान्समीटर साध्या पीपीएमवर, म्हणजे आज्ञा स्पंदांच्या वेळेतून पाठवणाऱ्या पद्धतीवर, ठेवावा लागतो.

आणि शेवटचा, माझं नाक फोडणारा प्रश्न: रिसीव्हर लो बँडचा की हाय बँडचा? ७२ मेगाहर्ट्झमध्ये फुटाबा आणि हायटेकचे बरेच रिसीव्हर दोन गटांत येतात. चॅनल ११ ते ३५ लो, ३६ ते ६० हाय. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लो बँडच्या रिसीव्हरमध्ये चॅनल ५० चा क्रिस्टल घातला तर तो जवळून चालेलही, पण पल्ला निम्म्यावर येतो. चॅनल एकाच गटात बदलत असाल तर रिसीव्हरची सहसा तक्रार नसते. गट ओलांडायचा असेल तर रिसीव्हर दुरुस्ती करणाऱ्याकडून पुन्हा ट्यून करून घ्या, नाहीतर योग्य गटातला दुसरा रिसीव्हर घ्या. वापरलेला रिसीव्हर आता नव्या विमानाच्या मानाने किरकोळ खर्चाचा आहे.

ट्रान्समीटरला कुणी हात लावावा

इथे देशांची परंपरा वेगवेगळी आहे. ब्रिटन आणि युरोपात ट्रान्समीटरचा क्रिस्टल बाहेरून सॉकेटमध्ये असतो आणि उडवणारा स्वतःच तो बदलतो. सेट तसेच बनवलेले असतात. अमेरिकेत १९९१ मध्ये ७२ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये २० किलोहर्ट्झच्या अंतराने ५० चॅनल पूर्ण वापरात आले आणि ट्रान्समीटरची शुद्धता काटेकोर झाली. तिथे रिसीव्हरचा क्रिस्टल स्वतः बदलावा, पण ट्रान्समीटरचा चॅनल पात्र तंत्रज्ञाकडून बदलून, ट्यून करून घ्यावा, अशी रीत पडली.

यामागचं कारण नियमापुरतं नाही. तुमच्या रिसीव्हरने चूक केली तर तुमचं विमान पडतं. तुमच्या ट्रान्समीटरने चूक केली तर दुसऱ्याचं पडतं, आणि ते कुणाच्या तरी डोक्यावर. ७२ मेगाहर्ट्झचा बँड मध्यापासून टोकापर्यंत पाऊण टक्काही दूर जात नाही, ३५ चा तर अर्धाच टक्का. तरीही शेजारचा चॅनल इतका जवळ असतो की चुकीच्या क्रिस्टलमुळे दोन-तीन किलोहर्ट्झ सरकलेला सिग्नल शेजाऱ्याच्या दारात पोचतो. दहा लाखांत २० भागांची चूक ऐकायला नगण्य वाटते, पण ७२ मेगाहर्ट्झवर ती जवळजवळ दीड किलोहर्ट्झ होते.

मॉड्यूलवाला ट्रान्समीटर असेल तर काम सोपं. पाठीमागचं आरएफ (रेडिओ सिग्नल तयार करणारं) मॉड्यूल क्रिस्टलसकट त्या चॅनलसाठी ट्यून केलेलं असतं. मॉड्यूल अख्खं बदला आणि आतला क्रिस्टल तसाच राहू द्या.

टेबलावरचं काम

आधी विमानाचा पंखा काढा. इलेक्ट्रिक मोटर असेल तर हे सांगायची गरज पडू नये, पण चुकीच्या सिग्नलवर मोटर पूर्ण वेगाने फिरायला लागल्याच्या घटना टेबलावरच जास्त घडतात. ट्रान्समीटर बंद, रिसीव्हरची बॅटरी काढलेली. चालू सेटमध्ये क्रिस्टल ओढायचा नाही.

तुमच्या घराजवळ मॉडेल उडवण्याचं मैदान असेल तर नव्या चॅनलवर ट्रान्समीटर चालू करण्याआधी तिथे कुणी उडवत नाही ना, हे विचारा. एरियल पूर्ण उघडलेला ट्रान्समीटर किलोमीटरभर लांबचं विमान सहज बिघडवतो. गाड्या लावायच्या जागेत ‘जरा चालतंय का बघू’ म्हणून चालू केलेल्या सेटने पडलेली विमानं मी पाहिली आहेत.

क्रिस्टल बोटांनी धरून सरळ वर ओढा. बहुतेकांना प्लॅस्टिकची टोपी किंवा पट्टी असते, तिलाच धरा. पट्टी नसेल तर टोकाला टेप गुंडाळलेला छोटा चिमटा चालतो. डावी-उजवीकडे हलवत काढलात तर पिना वाकतात आणि सॉकेटचे ओठ रुंद होतात, मग नवा क्रिस्टल ढिला बसतो. डबीवर पेचकस टेकवून उचकटू नका. पिना जिथे डबीत शिरतात तिथे काचेचं सील असतं, ते तडकलं की आत दमट हवा शिरते आणि क्रिस्टल हळूहळू भरकटायला लागतो.

नवा घालताना पिना स्वच्छ आहेत का बघा. काळवंडल्या असतील तर कोरड्या कापडाने पुसा. सँडपेपर नको, मुलामा जातो. क्रिस्टलला दिशा नसते, उलटसुलट कसाही बसवला तरी चालतो. अक्षरं दिसतील असा बसवा, म्हणजे पुढच्या वेळी काढून बघावा लागणार नाही.

एक चूक मात्र जिवावर बेतणारी आहे: टीएक्सचा (ट्रान्समीटरचा) क्रिस्टल रिसीव्हरमध्ये आणि आरएक्सचा (रिसीव्हरचा) ट्रान्समीटरमध्ये घालणं. आकार तोच, पिना त्याच, फक्त एका अक्षराचा फरक. समजा चॅनल ४० चा सिंगल कन्व्हर्जनचा आरएक्स क्रिस्टल ट्रान्समीटरमध्ये गेला आणि तो चाललाही. आता ट्रान्समीटर ७२.१३५ वर बोलतोय. चॅनल १७ म्हणजे ७२.१३०. पाच किलोहर्ट्झच्या अंतरावर तुम्ही कुणाच्या तरी चॅनल १७ च्या विमानाला दाबून टाकताय, आणि पेगबोर्डवरून, म्हणजे कोणता चॅनल कुणाकडे हे दाखवणाऱ्या मैदानावरच्या फळ्यावरून, तुम्ही चिमटा घेतलाय तो चॅनल ४० चा. कुणाला शोधताही येणार नाही. म्हणून मी टीएक्स आणि आरएक्स क्रिस्टल वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो आणि एका वेळी एकच डबा उघडतो.

रिसीव्हरमध्ये क्रिस्टल बसवल्यावर त्याच्यावरून टेपची एक पट्टी रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंना चिकटवा. ग्लो किंवा पेट्रोल इंजिनाचं कंपन सॉकेटमधून क्रिस्टल हळूहळू वर ढकलतं. मग रिसीव्हर पुन्हा स्पंजमध्ये गुंडाळा. सर्व्होच्या वायरी क्रिस्टलवर दाबून बसणार नाहीत, हे पाहा.

रिसीव्हरची एरियल वायर या सगळ्यात कापू नका, गुंडाळू नका. ७२ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी १.०४ मीटर, म्हणून वायर मीटरभर असते. ३५ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी दोन मीटरच्या वर जाते, तरी वायर मीटरभरच, कारण उरलेली भरपाई रिसीव्हरच्या आतल्या कॉइलने होते. त्या वायरची लांबी रिसीव्हरच्या ट्यूनिंगचा भाग आहे. जास्तीची वायर शेपटीमागे लोंबू द्या.

चालू करा आणि बघत राहा

ट्रान्समीटर आधी, रिसीव्हर नंतर. बंद करताना उलट. एरियल काढून टाकलेल्या अवस्थेत ट्रान्समीटर चालवू नका, शेवटच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

सर्व्हो मध्यावर शांत बसले पाहिजेत. पीपीएममध्ये प्रत्येक सर्व्होला १ ते २ मिलिसेकंदांचा स्पंद जातो, मध्य १.५, आणि हे सगळं सुमारे २० मिलिसेकंदांनी पुन्हा येतं. सिग्नल स्वच्छ असेल तर सर्व्होचा आवाज येत नाही. बारीक कुरकुर ऐकू आली की काहीतरी खटकतंय असं समजा. प्रत्येक स्टिक टोकापासून टोकापर्यंत हळू हलवा. मग ट्रान्समीटर बंद करून पाहा. पीपीएम रिसीव्हर सिग्नलशिवाय असताना सर्व्हो थोडे झटके देतात, ते स्वाभाविक. पण ट्रान्समीटर बंद असतानाही सर्व्हो ठाम आणि आज्ञाधारक हलत असतील, तर त्या चॅनलवर जवळपास दुसरं कुणीतरी आहे. पीसीएम असेल तर ही फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर सर्व्होंनी कुठे जावं याची नोंद) तपासायची वेळ: थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग, बंदवर यायला हवा. क्रिस्टल बदलल्याने फेलसेफची नोंद जाऊ नये, तरी पुन्हा सेट करा.

आता पेन्सिलच्या मागच्या रबराने रिसीव्हरच्या क्रिस्टलवर हलकेच टकटक करा. सर्व्हो दचकले तर क्रिस्टल किंवा सॉकेट खराब. ही जुनी युक्ती अजूनही माझी आवडती आहे.

हाताशी संगणकाला जोडायचा स्वस्त यूएसबी एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) रिसीव्हर असेल तर फारच छान. २४ मेगाहर्ट्झपासून वरचं सगळं त्यात दिसतं, म्हणजे २७, ३५, ४०, ७२ सगळे बँड. पडद्यावर तुमच्या ट्रान्समीटरचा उंचवटा चॅनलच्या जागी आहे का, की दोन-चार किलोहर्ट्झ सरकलाय, हे बघता येतं. अशा उपकरणाची स्वतःचीही थोडी चूक असते, म्हणून आधी नेहमीच्या क्रिस्टलवर बघून घ्या आणि मग नव्याशी तुलना करा. दहा मिनिटं ट्रान्समीटर चालू ठेवून पुन्हा पाहा. गरम झाल्यावर उंचवटा सरकत गेला तर तो क्रिस्टल कचऱ्यात.

पल्ल्याची चाचणी

इथे माझी चूक झाली होती, म्हणून इथे रेंगाळतो. विमान जमिनीपासून थोडं वर, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवा. लोखंडी स्टूल किंवा गाडीचं बॉनेट नको. एक जण विमानापाशी. पंखा आता बसवलेला असेल तर त्याने विमान घट्ट धरलेलं. ट्रान्समीटरची एरियल पूर्ण मिटवा आणि चालायला लागा. दर पाच पावलांवर थांबून स्टिक हलवा. तुमच्या सेटच्या पुस्तिकेत जे अंतर लिहिलं असेल ते प्रमाण. नसेल तर साधारण ३० पावलं गाठायला हवीत. त्या अंतरावरही सर्व्हो न थरथरता हलले पाहिजेत.

जुन्या क्रिस्टलवरचा आकडा तुमच्याकडे लिहिलेला असला तर त्याच्या शेजारी हा नवा लिहा. जुन्या जोडीवर ४० पावलं मिळत होती आणि नव्यावर २५, तर पुस्तिकेतला आकडा काहीही असो, काहीतरी बिघडलंय. मला या तुलनेचा सगळ्यात जास्त भरवसा वाटतो, कारण तेच मैदान, तीच एरियल, तेच विमान. बदलला फक्त क्रिस्टल.

हीच चाचणी इंजिन किंवा मोटर चालू ठेवून पुन्हा करा. मोटर बंद असताना अंतर ठीक आणि चालू केल्यावर घटलं, तर दोष क्रिस्टलचा नाही: मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांचा रेडिओ-गोंगाट, ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) वायरी एरियलशेजारून जाणं, किंवा धातूवर धातू घासणारा एखादा पुशरॉड (सर्व्होपासून जाणारी दांडी). तिथे नवे क्रिस्टल विकत घेत बसू नका.

मैदानावर

नवा चॅनल म्हणजे नवा चिमटा. पेगबोर्डवरून तुमच्या नव्या चॅनलचा चिमटा घेतल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, आणि एरियलवरचा नंबरही बदलायचा. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झसाठी लाल फीत आणि चॅनल नंबर, ब्रिटनमध्ये ३५ साठी नारिंगी झेंडी. तुमच्या मैदानाची जी रीत असेल ती. क्रिस्टल बदलला आणि नंबराची पाटी जुनीच राहिली, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी पाटी ट्रान्समीटरच्या हँडललाच बांधून ठेवतो. पाटी बदलल्याशिवाय हँडल धरताच येत नाही.

सिंथेसाइज्ड सेट असेल तर क्रिस्टलचा प्रश्न नाही, पण शिस्त तीच लागते. हायटेकच्या स्पेक्ट्रा मॉड्यूलवर दोन फिरक्या असतात, त्यावर चॅनल निवडायचा. फिरकी ट्रान्समीटर बंद असतानाच फिरवा. मग चालू करून आकडा पुन्हा वाचा. बॅगेत घासून फिरकी एका घराने सरकणं अशक्य नाही, म्हणून मी दर वेळी वाचतो.

बिघाड झाला तर कुठून सुरुवात करावी

काहीच हललं नाही तर आधी टीएक्स-आरएक्सची अदलाबदल, मग चॅनल, मग सिंगल-ड्युअलची गफलत, याच क्रमाने बघा. तीनही ठीक असतील तर जुनी जोडी परत घाला. ती चालली तर नव्यातला एक मेला आहे. कोणता, ते शोधायला नव्या चॅनलच्या दुसऱ्या सेटची मदत घ्यावी लागते. जुनी जोडीही चालली नाही तर सॉकेट, बॅटरी, स्विच.

सर्व्हो हलतात पण थरथरतात: शिफ्ट किंवा सरकलेली फ्रिक्वेन्सी. जवळून उत्तम, लांबून फजिती: ट्यूनिंग किंवा एरियल. सकाळी उत्तम, दुपारी उन्हात फजिती: क्रिस्टल तापल्यावर भरकटतोय. एखाद्या ठरावीक सोबत्याचं विमान हवेत असतानाच गडबड होते: दोघांचे चॅनल लिहून वजाबाकी करा. फरक २३ चॅनलच्या आसपास आला आणि तुमचा रिसीव्हर सिंगल कन्व्हर्जनचा असला, तर बहुधा ड्युअल घेण्याची वेळ आली आहे.

ठेवण्याबद्दल थोडं

जोड्या वेगळ्या करू नका, पण टीएक्स-आरएक्स मिसळूही देऊ नका; हे दोन्ही साधण्यासाठी मी टीएक्सच्या टोपीवर लाल आणि आरएक्सच्या टोपीवर निळा ठिपका देतो आणि दोन्ही डब्यांत एकाच क्रमांकाचा कप्पा ठेवतो. कप्पे स्पंजाचे. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला: चॅनल, फ्रिक्वेन्सी, कंपनी, सिंगल की ड्युअल, आणि शेवटच्या रांगेत पल्ल्याची पावलं. पडलेल्या क्रिस्टलपुढे फुली. फुली मारली की त्याच दिवशी तो फेकून द्या, नाहीतर सहा महिन्यांनी ‘बघू चालतोय का’ म्हणून तोच हातात येतो.